त्या तुमच्या कोण?

गेल्या जूनमध्ये आत्याच्या भाड्याच्या घराचा करार संपत आला होता आणि नव्या कराराचं बोलायला मालकांचा मुलगा रविवारी सकाळी घरी आला. म्हातारे मालक दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तोच बघतो सगळं. तसा भला मुलगा आहे, नळ गळला की त्याच दिवशी प्लंबर पाठवतो, दिवाळीला फराळाचा डबा आणून देतो, म्हणजे भांडायला वगैरे तो अजिबात आलेला नव्हता. खुर्चीत बसून जुना करार चाळत होता, आत्या पोह्यांवर खोबरं घालत होती, आतल्या खोलीतून मावशीच्या रेडिओचा आवाज येत होता, बाहेर नुकताच पाऊस लागला होता, आणि तो एका कलमावर बोट ठेवून थांबला. 'सदर जागा फक्त अनुज्ञाप्तीधारक व त्यांचे कुटुंबीय यांच्या निवासासाठीच वापरण्यात येईल.' करारावर नाव एकट्या आत्याचं. त्याने अगदी सहज विचारलं, "मग आत राहतात त्या तुमच्या कोण?"

आत्याने खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. कोण म्हणून सांगणार? आत्या आणि मावशी एकाच हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या, होस्टेलच्या एका खोलीत दोघींच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. आत्याने लग्न केलं नाही, मावशीचा नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला, आणि होस्टेल सोडायची वेळ आली तेव्हा दोघींनी मिळून दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्यानंतर घरं बदलली पण दोघींचं एकत्र राहणं नाही बदललं. माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्रपाळी करून आलेली मावशी परत आमच्याकडे जागायला बसायची. आम्ही तिला मावशी म्हणतो पण ती आईची बहीण नाही, कोणाचीच कोणी नाही, कागदावर. आत्या थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एका चुलीवर जेवतो आम्ही. एक्केचाळीस वर्षं." तो म्हणाला, "ते बरोबर आहे हो आत्या, पण नात्याने कोण? सोसायटीवाले विचारतात, मला काहीतरी लिहायला पाहिजे ना." आतला रेडिओ बंद झाला.

रेडिओ बंद झाल्याचा तो टक आवाज अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण तो करार मी वाचलेला होता. नुसता वाचलेला नाही, आधीच्या वेळी एजंटने पाठवलेला मसुदा मीच तपासून दिला होता. माझं पोटच या कामावर चालतं, सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या मराठीत करणं, गावोगाव जाणाऱ्या मुलामुलींसाठी सूचनापुस्तिका लिहिणं, कधी संस्थांचे करार, कधी संमतीपत्रं. कोणता शब्द नेमका कुठल्या अर्थाने वापरलाय ते पहिल्या पानावर सांगा, हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय. आणि आत्याच्या करारात मी काय केलं, तर अनुज्ञाप्तीचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, डिपॉझिटचा आकडा अक्षरात लिहायला लावला, रंगकामाचे पैसे कोणाकडे ते स्पष्ट करून घेतलं, नोटिशीचा महिना म्हणजे तीस दिवस की कॅलेंडरचा महिना यावर फोन करून वाद घातला. 'कुटुंबीय' शब्दावरून डोळे नुसते सरकत गेले.

असं का होतं याचा मी तेव्हापासून विचार करतेय. अवघड शब्द आपली व्याख्या स्वतःच मागून घेतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार हातात घेतला की 'अनुज्ञाप्तीधारक' वाचून कोणीही विचारतं, म्हणजे काय हो, भाडेकरूच ना? मग कोणीतरी समजावून सांगतं की नाही, भाडेकरू म्हटलं की जागेत त्याचा हक्क तयार होतो, अनुज्ञाप्ती म्हणजे नुसती वापरायची परवानगी, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात कलम ५२ मध्ये ते लिहिलेलं आहे, म्हणून तर कागदावर 'भाडं' न लिहिता अनुज्ञाप्ती शुल्क लिहितात. आपण सगळे तोंडाने भाडंच म्हणतो, पण तो फरक घराघरात माहीत झालाय कारण शब्द अनोळखी होता. करारातल्या पहिल्या पानावरच्या व्याख्या बघितल्या तर त्यात हेच शब्द असतात, परदेशातून आल्यासारखे दिसणारे. 'कुटुंब', 'घर', 'काम', 'दिवस', 'नुकसान' हे आपले, रोजच्या तोंडातले, त्यांना कोण विचारणार की बाबा तू कोण? आणि भांडण नेमकं तिथेच होतं, कारण प्रत्येकाला वाटत असतं की याचा अर्थ तर सगळ्यांना माहीतच आहे, आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो.

मला हे माहीत असायला हवं होतं, कारण माझं पहिलं काम याच शब्दावर अडलं होतं. शिक्षण संपल्या संपल्या एका सर्वेक्षणात लागले, सिंधुदुर्गात, ऐन पावसाळ्यात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फॉर्म, पायात रबरी चपला, चिखलाने पिंडऱ्या भरलेल्या, आणि फॉर्मवरचा पहिलाच रकाना कुटुंबातील व्यक्तींची संख्या. प्रशिक्षणात आम्हाला व्याख्या पाठ करून घेतली होती. साधारणपणे एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवण घेणाऱ्या व्यक्तींचा गट. जनगणनेतही हीच धरतात, रक्ताचं नातं असायलाच पाहिजे असं काही त्यात नाही. शिकवणाऱ्या सरांनी सोपं करून सांगितलं, एक चूल म्हणजे एक कुटुंब, लक्षात ठेवा. आम्हाला वाटलं किती सोपं, आणि किती आपलं! वेगळी चूल मांडली असं आपण म्हणतोच की. पुस्तकातली व्याख्या आणि आपल्या भाषेतला वाक्प्रचार एकदम जुळलेले पाहून मी तर खूश झाले होते.

तिसऱ्या की चौथ्या घरात पडवीत बसले होते. लांबलचक चिरेबंदी घर, मधे माजघर, दोन्ही टोकांना धूर. म्हातारी सुपारी कातरत सांगत होती, सगळे एकच आहोत, लिही नऊ माणसं. मी नऊ लिहायला लागले तेवढ्यात दाराआडून सुनेचा आवाज आला, "दोन लिवा." म्हातारीचा अडकित्ता थांबला. पुन्हा म्हणाली एकच. पुन्हा दाराआडून, "दोन." कोणी कोणाकडे बघत नव्हतं, दोघी माझ्या पेनाकडे बघत होत्या. त्या घरात गेल्या चतुर्थीपासून जेवण वेगळं शिजत होतं आणि गावात अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. आमच्या व्याख्येप्रमाणे सून बरोबर होती. म्हातारी खोटं बोलत होती असं मला आजही म्हणवत नाही. तिच्या लेखी कुटुंब म्हणजे तिने वाढवलेली माणसं, चूल किती ठिकाणी पेटते त्याचा काय संबंध. मी दोन फॉर्म भरले. म्हातारीने निघताना मला पाणी विचारलं नाही, आणि कोकणात पाणी न विचारणं म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याच म्हातारीचा आणखी एक मुलगा मुंबईला होता. तो आमच्या हिशेबात बसत नव्हता, कारण नियम असा होता की सहा महिने किंवा जास्त बाहेर राहणारा माणूस धरायचा नाही. मी नाव खोडायला लागले तर ती म्हणाली, "झील माझो मुंबयक असता, चतुर्थीक येता. त्येका कसो वगळतलंस?" दर महिन्याला त्याचे पैसे येत होते, घराची कौलं त्याने बदललेली होती, देवघरातला नवस त्याच्या नावाचा होता. नियमाला कारण होतं, नाहीतर तोच माणूस मुंबईतही मोजला जाणार आणि गावातही. मला ते कारण पटतही होतं. पण खोडताना हात जड झाला होता हे खरं. शेजारच्या घरात तर आजोबांना विचारलं कुटुंबात कोण कोण, तर ते म्हणाले, "कुटुंब आत आहे, बोलावू का?" त्यांच्या तोंडी कुटुंब म्हणजे बायको. जुन्या मराठीत तोच अर्थ होता, माझ्या पणजीची ओळख पणजोबा 'आमचं कुटुंब' अशीच करून द्यायचे असं आई सांगते. म्हणजे एका वाडीत, दोनशे पावलांच्या आत, एका शब्दाचे तीन अर्थ मला भेटले, आणि चौथा माझ्या पिशवीत होता.

मग बीडला गेले तेव्हा पाचवा भेटला. ऊसतोडीच्या कामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना मुकादम माणूस मोजत नाही, कोयता मोजतो. "एक कोयता म्हंजी नवरा-बायकू," एका बाईने मला दोन बोटं जोडून दाखवली. एकटाच माणूस असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते, पैसे बहुतेक नवऱ्याच्या हातात पडतात, बाईचं नाव कुठे येत नाही, बऱ्याचदा करार तोंडीच, आणि तरी त्या करारात कुटुंबाची व्याख्या इतकी पक्की की कोणाचा गोंधळ होत नाही. दिवस चुकला की खाडा, त्याचे पैसे कापले जाणार, आणि बाई आजारी पडली तरी खाडा कोयत्याला. ती बाई बोलत होती तेव्हा वाढ्यांच्या मोळ्यांचा हिरवट ओला वास सगळीकडे होता, तिचं पोर उसाच्या पाचटावर झोपलं होतं. मी तिला विचारलं तुम्हाला किती मिळाली उचल, तर ती म्हणाली कोयत्याला मिळाली. तिने स्वतःला वेगळं मोजलेलं मी त्या संध्याकाळी एकदाही ऐकलं नाही.

स्पष्ट व्याख्या म्हणजे न्यायाची व्याख्या, असं मी तोपर्यंत धरून चालले होते.

कॉलेजात आम्हाला संस्कृतला एक सर होते, ते तर्कसंग्रह हा तर्कशास्त्राचा जुना ग्रंथ शिकवताना गाय घेऊन यायचे, म्हणजे फळ्यावर. लक्षण कसं करायचं, व्याख्या कशी तपासायची, याचे तीन दोष. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हटलं तर म्हैसही आत आली, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे कपिल रंगाची म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहिली, ही अव्याप्ती. गाय म्हणजे एकच अखंड खूर असलेली म्हटलं तर जगातली एकही गाय त्यात बसणार नाही, हा असंभव. बरोबर लक्षण काय, तर सास्ना, गळ्याखाली लोंबणारी ती पोळी. सर पोळीवर हात फिरवल्यासारखा हात हवेत फिरवायचे आणि वर्गात सगळ्यांना ती मऊ कातडी हाताला लागायची. इतक्या वर्षांत प्रश्नावली असो की करार, मी प्रत्येक व्याख्या या तीन चाळण्यांतून काढते आणि मला अजून याच्यापेक्षा चांगलं हत्यार मिळालेलं नाही. कुटुंब म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं नातं म्हणा, मावशी बाहेर. एका छताखाली राहतात ते म्हणा, पेइंग गेस्ट आणि होस्टेलही आत. एका चुलीवर जेवतात ते म्हणा, तर मुंबईचा मुलगा बाहेर. गाईला सास्ना आहे. कुटुंबाची सास्ना कोणती हे मी किती वर्षं शोधतेय.

आणि कायदे बघावेत तर प्रत्येकाचं कुटुंब वेगळं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात शंभर दिवस काम कुटुंबाला होतं, कुटुंब म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने जोडलेली, एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी किंवा एका रेशनकार्डावरची माणसं. पीएम किसानचे वर्षाला ६,००० येतात तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, म्हणजे एका चुलीवर जेवणारे दोन शेतकरी भाऊ तिथे दोन कुटुंबं आणि जनगणनेत एक. लाडकी बहीण आली तेव्हा नियमात होतं की कुटुंबातली एकच अविवाहित महिला. एका घरात दोन अविवाहित बहिणी असल्या तर त्या 'एकच' शब्दावर त्यांनी रात्री जेवताना काय बोलायचं? हे वेगवेगळं आहे म्हणून चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. रेशनचं कुटुंब, मोजणीचं कुटुंब आणि जमिनीचं कुटुंब यांचं काम वेगळं आहे, तर व्याख्या वेगळी असायला हरकत नाही. पण ती लिहिलेली पाहिजे, आणि लिहिताना कोण बाहेर पडतंय ते लिहिणाऱ्याला दिसलं पाहिजे.

ते न दिसल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला नर्मदेचं वाटतं. १९७९ साली नर्मदा पाणीतंटा लवादाने निवाडा दिला, सरदार सरोवर धरणात ज्यांची पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त जमीन जाणार त्या प्रत्येक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि अवलंबून असलेली इतर माणसं, आणि पुढे एक वाक्य, प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानला जाईल. त्या काळात हे वाक्य पुढचं पाऊलच होतं, मुलग्याला वेगळी जमीन मिळणार होती. पण त्यात मुलगी नाही. आपल्याकडे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्या पाण्याखाली आली, तिथल्या अठरा वर्षांवरच्या मुलाला एक शब्द लागू झाला आणि त्याच्याच पाठच्या बहिणीला नाही, आणि दोघांनी तीच शेतं निंदलेली. ती वाक्यं लिहिणाऱ्यांनी मुलींना ठरवून वगळलं असेल असं मला वाटत नाही, त्यांच्या डोळ्यांवरून ती जागा सरकली असेल, माझ्या डोळ्यांवरून 'कुटुंबीय' सरकलं तशी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ते बदललं. सज्ञान व्यक्ती, मग मुलगा असो की मुलगी, लग्न झालेलं असो की नसो, स्वतंत्र कुटुंब, आणि विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकाही स्वतंत्र कुटुंब. चौतीस वर्षं लागली. मी ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत वाचलं, एवढ्याशा कोरड्या ओळींत किती बायका उभ्या आहेत असं वाटून.

करारांच्या बाबतीत मात्र मला सगळ्यात जास्त शिकवलंय ते एका कोंबडीने. अमेरिकेतला १९६० सालचा खटला आहे. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून गोठवलेल्या कोंबड्या मागवल्या, दोन वजनांच्या, एक लहान आणि एक मोठी. मोठ्या वजनाची खोकी उघडली तर आत जून कोंबड्या, आपण ज्या तास तास रटरटवून रस्सा करू तशा. घेणारा म्हणाला चिकन म्हणजे कोवळी, भाजता येईल अशी. विकणारा म्हणाला चिकन म्हणजे कोंबडी, जूनसुद्धा कोंबडीच. आपल्याकडे गावठी की बॉयलर विचारल्याशिवाय कोणी सुरी उचलत नाही, पण तिथे एवढ्या मोठ्या व्यवहारात कोणी विचारलं नव्हतं. न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांनी निकालाची सुरुवातच अशी केली की प्रश्न आहे, चिकन म्हणजे काय? मग त्यांनी तारा वाचल्या, व्यापाऱ्यांच्या साक्षी ऐकल्या, सरकारी नियम पाहिले, बाजारभाव पाहिले, आणि शेवटी घेणारा हरला. कारण शब्दाचा अरुंद अर्थ ज्याला हवाय, तोच अर्थ ठरला होता हे त्याने दाखवून द्यायचं होतं, आणि ते त्याला दाखवता आलं नाही. दोघंही आपापल्या मनात प्रामाणिक असू शकतात हे मला त्या निकालात फार आवडतं. कोणी फसवलेलं नसतं तरी खोकं उघडल्यावर आत वेगळीच कोंबडी निघते.

मी मालकांच्या मुलाला हा खटला सांगणार होते. म्हणजे कुटुंबीयचा अर्थ फक्त नातेवाईक असा तुम्हाला हवा असेल तर तो तुम्ही लिहायला पाहिजे होता, आता आम्हाला विचारू नका, असं. रात्रभर मनात भाषण तयार केलं. सकाळी उठून पुन्हा कागद काढला आणि लक्षात आलं की वाद जिंकून उपयोग नाही. करारावर एकट्या आत्याचं नाव, आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, उद्या तिला काही झालं तर मावशीला त्या घरात एक दिवस राहायचाही कागदावर आधार नाही, मग कुटुंबीय शब्द कितीही मोठा करून वाचा. इतकी वर्षं म्हाताऱ्या मालकांच्या चांगुलपणावर ते चाललं होतं. त्यांनी कधी विचारलंच नाही त्या कोण, सणाला दोघींना वाकून नमस्कार करायचे. ते गेले आणि शब्द तेवढा मागे राहिला, अर्थ त्यांच्याबरोबर गेला.

मग मी नवा मसुदा केला. अनुज्ञाप्तीधारक म्हणून दोघींची नावं, क्रमांक एक आणि क्रमांक दोन. दोघींपैकी एक नसेल तर उरलेल्या मुदतीत दुसरीला त्याच अटींवर राहता येईल. मालकांच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, अहो मग तर माझंही काम सोपं झालं, दोघींचं आधार घ्या फक्त. इतकंच होतं. कलम चारमध्ये मी लिहिलं होतं, या करारात कुटुंब म्हणजे सदर जागेत एकत्र राहणाऱ्या व एका स्वयंपाकघरात तयार झालेले भोजन घेणाऱ्या व्यक्ती, मग त्यांच्यात नाते असो वा नसो. आत्याचं वाक्य जितकं जमेल तितकं कागदाच्या भाषेत आणलं होतं. मनापासून वाटत होतं की चांगलं जमलंय.

गुरुवारी संध्याकाळी दोघींना वाचून दाखवायला गेले. टेबलावर स्टीलचे दोन डबे होते, एकावर एक. मी विचारलं हे काय, तर आत्या म्हणाली, अगं माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून दोन्ही वेळचं बाहेरूनच येतं, कोपऱ्यावरच्या बाई देतात, तिच्या कंबरेलाही आता ओट्याशी उभं राहणं होत नाही, आम्ही शेगडी चहापुरती लावतो. म्हणजे माझ्या व्याख्येतलं स्वयंपाकघर तेवढं धरलं तर त्या दोघी कोपऱ्यावरच्या बाईंच्या कुटुंबात, डबा घेणाऱ्या आणखी वीसेक जणांबरोबर. अतिव्याप्ती समोर टेबलावर वाफाळत होती. मी पेन काढून ती ओळ खोडायला लागले. म्हटलं तशीही गरज नाही तिची आता, दोघींची नावं वर आहेत, नात्याचा प्रश्नच येत नाही, कायद्याच्या दृष्टीने ही ओळ नसली तरी काही बिघडत नाही. मला खरंच तसं वाटत होतं, जास्तीची व्याख्या म्हणजे जास्तीचं भांडण, हे मी लोकांना शिकवते.

"खोडू नकोस," आत्या म्हणाली. एवढंच. तिचा आवाज कोकणातल्या त्या दाराआडच्या आवाजासारखा होता.

मग आम्ही तिघी बसलो. स्वयंपाकघर काढलं. 'एकत्र राहणाऱ्या आणि एकत्र भोजन घेणाऱ्या' असं केलं, म्हणजे अन्न कुठेही शिजो. 'साधारणपणे' घातलं, कारण मावशी दिवाळीत पंधरा दिवस भाचीकडे जाते. 'नाते असो वा नसो' तसंच ठेवलं. त्या दोघी एकमेकींच्या कोण आहेत हे मी कधी विचारलेलं नाही आणि कराराने विचारायचंही काही कारण नाही, एवढं मात्र मला त्या टेबलावर लख्ख कळत होतं. मी सुधारून पुन्हा वाचून दाखवलं. आत्याने मान हलवली. मावशीने माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, कलम चार ओठातल्या ओठात दोनदा वाचलं आणि बोट ठेवून म्हणाली, "हे भोजन घेणाऱ्या काय लिहिलंयस? आम्ही जेवतो."

मी भोजन खोडून जेवणाऱ्या लिहिलं.